पंडिता रमाबाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रमाबाईंवर कुठेही बोलायला गेलं की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, ‘या कोणत्या रमाबाई?’ आणि दुसरा, ‘त्यांनी धर्म का बदलला?’ त्यांनी लिहिलं काय, हे विचारणारा हात क्वचितच वर येतो. म्हणून खालच्या उत्तरांत जास्त जागा त्यांच्या लेखनाला दिली आहे. धर्मांतराचा विषय टाळलेला नाही, पण सगळी खोली त्याने व्यापू नये एवढी काळजी घेतली आहे.

या रमाबाई नक्की कोणत्या?

न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे वेगळ्या आणि बाबासाहेबांच्या रमाबाई आंबेडकरही वेगळ्या. या रमाबाई डोंगरे, संस्कृतच्या पंडिता, लेखिका आणि विधवांसाठी शाळा काढणाऱ्या. जन्म 23 एप्रिल 1858, मृत्यू 5 एप्रिल 1922. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या दोन्ही पदव्या त्यांना कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 साली दिल्या, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. लग्नानंतरचं आडनाव मेधावी. इंग्रजी पुस्तकावर मात्र त्यांनी ‘पंडिता रमाबाई सरस्वती’ असं नाव घातलं. त्यात वडिलांचंही आडनाव नाही आणि नवऱ्याचंही नाही. हे मुद्दाम केलं की सोयीने झालं, ते ज्याने त्याने ठरवावं. मला ते मुद्दामच वाटतं.

त्या मूळच्या महाराष्ट्रातल्या का?

घर मराठी, चित्पावन ब्राह्मणांचं. पण जन्म आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीत, गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे जंगलात का राहायला गेले, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यांच्या गुरूंनी दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवलं होतं. बाई संस्कृत वाचते आहे, हे तरुण अनंतशास्त्र्यांनी तिथे ऐकलं आणि तेव्हाच ठरवलं की आपणही बायकोला शिकवायचं. पहिल्या बायकोबाबत ते जमलं नाही. दुसरी लक्ष्मीबाई. लग्नाच्या वेळी ती नऊ वर्षांची आणि ते चव्वेचाळीस. तिला मात्र त्यांनी शिकवलं. त्यावरून गदारोळ झाला, तेव्हा उडुपीला पंडितांच्या सभेपुढे स्त्रीला संस्कृत शिकण्याचा अधिकार आहे हे शास्त्राधारे मांडलं आणि मग गावाची कटकट नको म्हणून डोंगरात आश्रम बांधला.

रमाबाई सहा महिन्यांच्या असताना ते बिऱ्हाडही मोडलं. त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगर उतरवलं. तिथून पुढे जवळजवळ वीस वर्षं घर असं नव्हतंच. हे कुटुंब तीर्थाहून तीर्थाला जायचं, देवळात पुराण सांगायचं आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. त्यामुळे ‘मूळच्या कुठल्या’ याचं सरळ उत्तर देता येत नाही. भाषेने महाराष्ट्राच्या, असं म्हटलं तर चालेल.

त्यांना किती भाषा येत होत्या?

संस्कृत आईने शिकवलं. भागवत पाठ होतं. मराठी घरची. कन्नड, हिंदुस्थानी आणि बंगाली भटकंतीत आणि संसारात आल्या. इंग्रजी पंचविशीच्या आसपास, पुण्यात आणि मग इंग्लंडात. हिब्रू आणि ग्रीक उतारवयात, बायबलच्या भाषांतरासाठी.

एक गोष्ट लक्षात घ्या. यातली एकही भाषा त्यांनी शाळेत बसून मिळवली नाही. घर, देऊळ, नवऱ्याचं कपाट आणि मठ हेच त्यांचे वर्ग. इंग्लंडात त्या शाळेत गेल्या तेव्हा स्वतः शिकवण्याइतक्या तयार होत्या.

भटकंतीचं त्यांनी काही लिहून ठेवलं आहे का?

हो, आणि ते वाचताना घसा कोरडा पडतो. 1907 साली त्यांनी इंग्रजीत आपलं आत्मनिवेदन लिहिलं. मराठीत ते ‘माझी साक्ष’ या नावाने ओळखलं जातं. पुस्तक छोटं आहे आणि हेतू धार्मिक आहे. ज्यांना तो हेतू नको असेल त्यांनीही पहिला अर्धा भाग वाचावा.

1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. शिकलेलं ब्राह्मण कुटुंब, मोलमजुरी ठाऊक नाही आणि भीक मागायची लाज. होतं नव्हतं ते देवांना आणि ब्राह्मणांना देऊन झालं होतं. मग तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं; भाऊ श्रीनिवास ‘मी कसलंही काम करीन’ म्हणाला म्हणून ते थांबले. तरीही 1874 मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई आणि मग मोठी बहीण कॉलऱ्याने.

आईच्या मृत्यूचं वर्णन त्या दोनतीन वाक्यांतच करतात. स्मशान जवळजवळ तीन मैल लांब. खांदा द्यायला माणसं मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी, तिरडी खांद्यावर पुरेना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. बस, एवढंच लिहून त्या पुढे जातात. रडत नाहीत, वाचकालाही रडायला सांगत नाहीत. मला त्या लेखिका म्हणून पहिल्यांदा भेटल्या त्या या ओळींत.

पुढे बहीणभाऊ उत्तरेकडे निघाले आणि चार हजार मैलांहून जास्त पायी चालले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली.

कलकत्त्यात नेमकं काय घडलं?

दोन गोष्टी. सगळ्यांना माहीत असलेली पहिली: पंडितांनी परीक्षा घेतली आणि पदव्या दिल्या.

दुसरी कमी सांगितली जाते, पण मला ती जास्त आवडते. तिथे हे बहीणभाऊ पहिल्यांदाच ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला गेले. चहा-बिस्किटं आली. ब्राह्मण मंडळी साहेबांबरोबर बसून खात आहेत हे पाहून दोघांची खात्री पटली की कलियुग पुरतं आलं. मग प्रार्थना सुरू झाली. सगळे आपापल्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसले. रमाबाईंना वाटलं, हे लोक खुर्च्यांना नमस्कार करत आहेत!

निघताना त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालं. त्यांनी ते चाळलं आणि ठेवून दिलं. त्यातलं संस्कृत त्यांच्या ओळखीच्या संस्कृतासारखं नव्हतं, शिकवणही परकी, म्हणून वाचण्यात वेळ कशाला घालवा असं वाटलं. हा प्रसंग ध्यानात ठेवा, शेवटी परत लागेल.

याच शहरात ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेद दिले आणि वाचायला सांगितलं. बाईने वेद वाचायचे नसतात असं त्या तोवर मानत होत्या. पुराणिक वडिलांची मुलगी पहिल्यांदा शास्त्रांकडे बाहेरून पाहू लागली ती बंगालात.

लग्न कोणाशी झालं?

बिपिनबिहारी दास मेधावी. सिल्हेटकडचे बंगाली, ब्राह्मो समाज या सुधारक पंथाच्या मताचे वकील, जातीने शूद्र गणले जाणारे. 1880 मध्ये भाऊ वारल्यानंतर काही आठवड्यांतच नोंदणी पद्धतीने लग्न झालं. आसामातल्या सिलचरला संसार आणि मनोरमा ही एक मुलगी. फेब्रुवारी 1882 मध्ये बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. जेमतेम दोन वर्षं. पण नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राची, बंगाली पोथी सापडली. म्हणजे ख्रिस्ताशी पहिली खरी ओळख बंगालीतून झाली.

पुण्यात येऊन त्यांनी काय केलं?

1882 हे एक वर्ष बघा. वर्षाच्या सुरुवातीला विधवा झालेली ही बाई वसंतात पुण्यात येते, आर्य महिला समाज काढते, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक छापते आणि सप्टेंबरात इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे मराठीतून साक्ष देते. आयोगाला त्यांनी सांगितलं की या देशातले शंभरातले नव्याण्णव सुशिक्षित पुरुष स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत आणि बाईची मोहरीएवढी चूक दिसली तरी तिचा डोंगर करतात. शिक्षिका हव्यात, स्त्री-डॉक्टर हव्यात, असंही ठासून सांगितलं. ही भाषा तेव्हाच्या पुण्याला परवडण्यासारखी नव्हती.

‘स्त्रीधर्मनीति’ आज वाचावी का?

उत्सुकता असेल तर. स्पष्ट सांगायचं तर तिच्यात पुढच्या रमाबाई फारशा सापडत नाहीत. मराठी संस्कृतात बुडवून काढलेलं, सूर उपदेशाचा, बायकांनी असं वागावं आणि तसं वागावं. त्याच 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून आली. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तर घरात बसून लिहिणारी ताराबाईच जहाल ठरते आणि अर्धा हिंदुस्थान पायी तुडवून आलेली रमाबाई सोज्वळ. मात्र या पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या तिकिटाचे पैसे उभे राहिले, हे त्याचं ऋण मानायला हवं.

इंग्लंडला कशासाठी गेल्या?

वैद्यकी शिकायला. 1883 मध्ये गेल्या, बरोबर छोटी मनोरमा. पण कानाने दगा दिला. ऐकू येणं कमी होत गेलं आणि डॉक्टर होण्याचा बेत सुटला. वाँटेज गावच्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या, तिथेच 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. नंतर चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकल्या आणि शिकवलंही.

मग धर्म का बदलला?

त्यांच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे, शूद्र आणि स्त्री यांच्याबद्दल धर्मशास्त्रं काय म्हणतात हे मूळ संस्कृतात वाचल्यावर त्यांची श्रद्धा उडाली. इंग्लंडात ‘पतित’ स्त्रियांना हात देऊन उभं करणारं काम पाहिलं, तेव्हा ख्रिस्ताच्या शिकवणीत त्यांना वेगळं काही दिसलं. नेहेम्या गोरे या काशीकर मराठी पंडिताच्या लेखनानेही बरंच काम केलं; ते स्वतः ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले. पैशासाठी किंवा फसवून, या आरोपांना आधार नाही. महाराष्ट्रात तेव्हा आग उसळली. उघडपणे त्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांत जोतीराव फुले होते, 1885 च्या ‘सत्सार’मध्ये.

म्हणजे त्या पुरत्या ‘साहेबी’ झाल्या?

हा समज काढून टाकायचा असेल तर त्यांची इंग्लंडातली पत्रं वाचावीत. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन, म्हणजे बाप्तिस्म्याच्या नात्याने त्यांच्या धर्ममाता, यांनीच ती जपून ठेवली. 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. आमच्या सरकारी मंडळाने केलेल्या चांगल्या कामांपैकी हे एक.

मठातल्यांना आज्ञाधारक शिष्या हवी होती. रमाबाईंनी मे 1885 मध्ये कळवलं की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं चढवून घ्यायची माझी इच्छा नाही. येशूचं देवत्व, त्रित्व (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), चर्चचा अधिकार, प्रत्येक मुद्द्यावर त्या वाद घालत.

जेवणावरून खटके उडाले ते तर वाचण्यासारखे. अंडं घातलेलं पुडिंग त्या खात नसत. याला अहंकार म्हटलं गेलं, तेव्हा त्यांचं उत्तर असं होतं: माझा गर्व ‘पाय’सारख्या पक्वान्नांत आणि पुडिंगांत शोधायचा तर खुशाल शोधा. पण एखादी इंग्रज बाई आमच्याकडे राहायला आली आणि कुणाला इजा न करणाऱ्या आपल्या सवयी तिने सोडल्या नाहीत, तर तिला तुम्ही गर्विष्ठ म्हणाल का?

आणि क्रुसाची गोष्ट. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कोरायची होती. रमाबाई म्हणाल्या, लॅटिन मला येत नाही, हिंदुस्थानातल्या माझ्या माणसांनाही येत नाही. आमच्या जुन्या संस्कृतापेक्षा लॅटिनमध्ये पवित्र असं जास्त काय आहे?

चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी नापसंती दाखवली. माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही आणि तुम्ही घेता, असा रोख त्यांनी उत्तरात ठेवला. पुण्यातला शास्त्री आणि इंग्लंडचा बिशप, दोघांच्या बोलण्यातलं सारखेपण त्यांना लगेच ऐकू आलं. तेही कान जात असताना.

अमेरिका कुठून आली मध्ये?

आनंदीबाई जोशींमुळे. त्या 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई लिव्हरपूलहून बोटीने गेल्या. काही दिवसांसाठी गेल्या आणि अडीच वर्षांवर राहिल्या. वर्षभरातच, फेब्रुवारी 1887 मध्ये, आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यानंतर फिलाडेल्फियात रमाबाईंचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ निघालं. प्रस्तावना आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची, अर्पणपत्रिका लक्ष्मीबाई डोंगरे यांना. जंगलात पहाटे मुलीला संस्कृत घोकून घेणाऱ्या त्या आईला.

या पुस्तकावर आणि व्याख्यानांवर बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिने विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. परदेशी वाचकांपुढे घरची दुःखं मांडली, म्हणून तेव्हाही लोक चिडले आणि आजही काही अभ्यासक नाराज आहेत. पुस्तक ठरावीक वाचकांसाठी, पैसे उभे करण्यासाठी लिहिलेलं आहे, हे खरंच. तसं वाचावं.

एकच पुस्तक वाचायचं तर कोणतं?

‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’, मुंबई, निर्णयसागर छापखाना, 1889. यावर मी भांडायला तयार आहे.

सात वर्षांत भाषा किती उतरली पाहा. ‘स्त्रीधर्मनीती’चं जडजवाहीर गेलं आणि बोलकं, मिस्कील, माहिती भरभरून देणारं मराठी आलं. सरकार कसं चालतं, शाळा कशा आहेत, घरं गरम कशी ठेवतात, बायका कोणकोणते धंदे करतात, संस्था कशा बांधतात, सगळं त्यात आहे. अमेरिकेचं कौतुक पानोपानी, पण डोळे उघडे. कमर आवळणाऱ्या पोशाखाची आणि टोप्यांवर पक्षी मिरवणाऱ्या फॅशनची थट्टा आहे. काळ्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल आणि मूळ रहिवाशांच्या जमिनी कशा गिळल्या त्याबद्दल चीड आहे.

आणि एक डाव त्यांनी फार हुशारीने टाकला आहे. तेव्हा गोरे प्रवासी हिंदुस्थानात येऊन इथल्या ‘चालीरीतीं’वर जाडजूड पुस्तकं लिहीत. इथे एक मराठी बाई गोऱ्यांच्या चालीरीतींवर पुस्तक लिहिते आणि तेही मराठीत, आपल्या माणसांसाठी. इंग्रजांना झुगारून स्वतःचं राज्य करणाऱ्या देशाबद्दल 1889 च्या मुंबईत लिहिणं, यातलं न बोललेलं वाचकाला कळत असणारच.

मीरा कोसंबींनी 2003 मध्ये याचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा जगाला हे पुस्तक परत सापडलं. मराठीला मात्र ते अजून पुरतं सापडलेलं नाही. प्रवासवर्णनाचे आमचे इतिहास त्याला एखादी ओळ देतात आणि पुढे सरकतात.

शारदा सदनचा वाद काय होता?

जपानमार्गे परतून त्यांनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांची शाळा उघडली, पुढच्या वर्षी ती पुण्याला नेली. पहिल्याच विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. शाळेत धर्म शिकवायचा नाही असा करार होता. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली, 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि बऱ्याच मुली घरी नेल्या गेल्या.

माझं मत विचाराल तर, उघडं दार दिसतं तेवढं भोळं नव्हतं. निराधार मुलीसाठी आश्रयदातीची प्रार्थना ही नुसती प्रार्थना राहत नाही. पण त्या मुलींना ज्या घरी परत नेलं तिथे त्यांचं काय झालं, हे ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारलं?

केडगावला काय केलं?

1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि 1900 च्या सुमारास गुजरातेतून शेकडो मुली-बायका आणल्या. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेली बाई ती. पुण्याजवळच्या केडगावात मुक्ती सदन वसलं: शेती, विणकाम, दुग्धशाळा, अंध स्त्रियांसाठी वर्ग आणि छापखाना. मुक्ती मिशन आजही तिथे आहे. 1919 मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिलं, 1989 मध्ये भारताने टपाल तिकीट काढलं. मनोरमाच पुढे सगळं सांभाळणार होती, पण ती 1921 मध्ये गेली, आईच्या नऊ महिने आधी.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतरात घालवली, मग लेखिका हरवली असं नाही का?

असं बरेच जण मानतात. मीही मानत होतो. मराठीत बायबल आधीच होतं. मग बहिऱ्या झालेल्या, थकलेल्या बाईने हिब्रू-ग्रीक शिकून तेच काम पुन्हा का करावं?

त्यांची तक्रार भाषेची होती. जुन्या भाषांतरांतलं मराठी जड आणि संस्कृतप्रचुर, शिवाय त्यातले शब्द हिंदू शास्त्रांच्या अर्थांनी आधीच भिजलेले. केडगावातल्या बाईला, जिला कालपरवा अक्षर ओळखता येत नव्हतं, ते कळायचं नाही. म्हणून साधे शब्द शोधत त्या वर्षानुवर्षं बसल्या. मजकूर मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापला. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर पडला.

वाङ्मय म्हणून तो किती उतरला याबद्दल मतभेद आहेत. शब्दाला शब्द ठेवण्याच्या हट्टाने काही ठिकाणी मराठी अवघडलं आहे. पण कलकत्त्यात हाती आलेलं ते संस्कृत बायबल आठवा. वीस वर्षांच्या पंडितेने ते भाषा ओळखीची वाटेना म्हणून बाजूला ठेवलं होतं.